फायवेल स्मृती चषक

"आत्या, तुला फक्त घंटा वाजवायची आहे," रसेल फोनवर म्हणाला होता. "पोटभर पास्त्रामी सँडविच खा, चार माणसांशी हसून बोल आणि घरी जा. तुझ्याशिवाय कार्यक्रमाला शोभा नाही."

भाच्याचं ते बोलणं ब्लूमाला गोड वाटलं. ब्रुकलिनमधलं 'लुबार्स्की आणि मुलगे' हे सँडविचचं दुकान तिच्या वडलांनी, फायवेल लुबार्स्कींनी, काढलं. त्यांच्यामागे तिचा भाऊ गल्ल्यावर बसला आणि भाऊ गेल्यावर भावाचा मुलगा रसेल. भाऊ वारल्यापासून मात्र ब्लूमाचं तिकडे जाणंच झालं नव्हतं. गुडघे कुरकुरायचे, त्यात मध्ये बस बदलावी लागायची. पण कार्यक्रम नेमका वडलांच्या पुण्यतिथीला होता. पोराला आजोबांचा दिवस लक्षात राहिला, म्हणून तिचे डोळे भरून आले. सकाळी तिने स्वयंपाकघरात वडलांच्या नावाची मेणबत्ती लावली, ठेवणीतला निळा ब्लाउज घातला आणि नुसत्या चहावर घराबाहेर पडली. लुबार्स्कीचं सँडविच खायला भरल्या पोटी जाणं म्हणजे त्या सँडविचचा अपमान.

दुकानाचं दार ढकललं आणि तोच वास आला. वाफेवर मऊ होत असलेलं मांस, मिरी, धने, पिंपात मुरणाऱ्या काकड्यांचा लसूण. क्षणभर ती लहान मुलगी झाली. लहानपणी मागच्या खोलीत बसून ह्याच काकड्यांसाठी तिने टोपल्याच्या टोपल्या लसूण सोलला होता. गल्ल्यामागे एफ्रेन मांस कापत होता. तिच्या भावाच्या वेळेपासूनचा माणूस. त्याने मान वर केली, तिला ओळखलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मग तिला बाकीचं दिसलं. टेबलं भिंतीला सारली होती. मधोमध एक लांबलचक टेबल, त्यावर प्लास्टिक अंथरलेलं. प्रत्येक खुर्चीखाली एक बादली. आणि वर, छताला टांगलेला फलक: 'फायवेल स्मृती चषक – जास्तीत जास्त सँडविच, कमीत कमी वेळ.'

"बादल्या कशाला रे?" तिने विचारलं.

"लागतात, आत्या." रसेलने तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. त्याने आपल्या वडलांसारखाच पांढरा एप्रन घातला होता, पण त्यावर पाठीमागे मोठ्या अक्षरांत जाहिरात छापलेली. "ओकला तो बाद. नियम आहे."

"आज पपांची पुण्यतिथी आहे."

"म्हणून तर! जेवणाचा माणूस होता ना तो? मग जेवणानेच आठवण काढायची."

ब्लूमाला बोलायचं होतं, पण तोवर कुणी तिचा कोट काढून घेतला, कुणी खुर्ची दिली. दुकान माणसांनी खच्चून भरलेलं. स्पर्धक येऊन बसले. मधल्या खुर्चीवर डेनिस नावाचा बस दुरुस्त करणारा गडी होता. मान अशी नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर. तो हसून म्हणाला, "आजी, तुमच्या वडलांच्या नावाने एक जास्तीचं खाणार बरं का!"

रसेलने तिच्या हातात पितळी घंटा दिली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने वाजवली. का वाजवली, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

आणि ते तुटून पडले.

ह्याला खाणं म्हणतात? मांस मुठीने ओढून तोंडात कोंबायचं. राय धान्याचा ब्रेड पाण्याच्या पेल्यात बुडवायचा, त्याचा लगदा करायचा आणि डोकं मागे टाकून तो घशात ओतायचा. सँडविचमधली मोहरीची चटणी हनुवटीवरून मनगटापर्यंत ओघळत होती. एकाच्या नाकातून पाणी आलं, ते त्याने ब्रेडसकट चाटून घेतलं. पेल्यांतल्या पाण्यावर चरबीचे डोळे तरंगत होते. आणि तो आवाज! चिखलात अडकलेली म्हैस पाय ओढते तसा. ब्लूमाच्या तोंडाला सुटलेलं पाणी आंबट झालं. भोवतालचे लोक टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडत होते, "फाय-वेल! फाय-वेल!"

तिच्या बापाला उभ्या आयुष्यात कुणी नावाने मोठ्याने हाक मारली नव्हती. गिऱ्हाइकं 'मिस्टर लुबार्स्की' म्हणायची.

ब्रेडचा एक तुकडा घरंगळत तिच्या पायापाशी आला. पडलेला ब्रेड उचलून त्याचा मुका घ्यायचा, ही तिच्या घरची रीत. ती कशीबशी वाकली. तेवढ्यात शेजारचा तरुण म्हणाला, "राहू द्या हो आजी, नंतर पाण्याने धुतात सगळं." आणि मागे सरकताना त्याचाच बूट त्या तुकड्यावर पडला.

शेवटी शेवटी डेनिस थांबला. त्याचे डोळे बाहेर आले, गाल फुगले. काहीतरी वर आलं, ते सगळ्यांना दिसलं. समोरची बाई किंचाळली. डेनिसने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, पाठ ताठ केली, आणि आलेलं सगळं परत गिळलं.

दुकान डोक्यावर घेतलं लोकांनी.

"बाद नाही! बाद नाही!" रसेल नाचत होता. "आत्या, ये, चषक दे!"

ब्लूमा उठली. चषकाला तिने हात लावला नाही. रसेलच्या हातातला माईक घेतला.

"फायवेल लुबार्स्की माझे वडील," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा होता. "ते लहान होते तेव्हा त्यांच्या गावात दुष्काळ पडला. त्यांची धाकटी बहीण होती, गित्ता. घरात काही उरलं नाही तेव्हा आईने घोड्याचा लगाम उकळला. गित्ता ते चामडं चघळत चघळत गेली. मेल्यावरही तिच्या दातांत ते होतं. माझ्या बापाने स्वतःच्या बोटांनी काढलं. पुढे त्याने हे दुकान टाकलं, कुणी उपाशी जाऊ नये म्हणून. आणि तुम्ही आज त्याच्या नावाने ओकारी गिळताय. लाज वाटू द्या."

 ब्लूमाला वाटलं, पोचलं. मग पुढच्या रांगेतल्या बाईने डोळे टिपले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बघता बघता सगळे उभे राहिले. मोबाइल तर कधीपासूनच वर होते.

"काय बोललात!" ती बाई तिचा हात दाबत म्हणाली. त्या हाताला मोहरी होती. "पण हे सुरुवातीला सांगायला हवं होतं. खाताना माणसाला आणखी जोर येतो."

रसेलने तिला मिठी मारली. "आत्या, कमाल! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दरवर्षी हेच बोलायचं, काय?"

"रसेल, त्यांचं नाव काढ त्या फलकावरून."

"ते नाव माझ्याही आजोबांचं आहे ना, आत्या." तो हसतच होता. त्याला खरोखर काही कळलेलं नव्हतं.

कोट घेऊन ती मागच्या दाराने बाहेर पडली. तिथे कचऱ्याच्या डब्यांपाशी डेनिस गुडघ्यांवर बसला होता, चषक बाजूला पडलेला. आता सगळं बाहेर येत होतं. तो वास भपकन् तिच्या अंगावर आला.

"माफ करा, आजी," तो धापा टाकत म्हणाला. "माझा बाप मला इथे आणायचा. रविवारी. एक सँडविच दोघांत."

तिने पर्समधला रुमाल काढून दोन बोटांनी त्याच्यापुढे धरला. त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असं तिच्या मनात आलं, पण तो हात काही उचलेना.

"ठेवा तुमच्याकडेच," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या वर्षी रसेलचा फोन आला. ती येणार नाही म्हणाली. मग त्याने विचारलं, गेल्या वर्षीचं तुझं भाषण पडद्यावर लावलं तर चालेल का? ती म्हणाली, "नाही. ऐकतोयस ना? नाही."

त्यानंतरच्या शुक्रवारी ती मासे घ्यायला बाजारात गेली. रांगेतल्या एका अनोळखी बाईने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि एकदम तिचा दंड धरला.

"तुम्हीच ना त्या? त्या गित्ताच्या? अहो, काल स्पर्धेत पडद्यावर पाहिलं, काय रडवलंत! आमच्या ह्यांनी तर तेवढ्यात अख्खी दोन सँडविच संपवली."

ब्लूमाने हातातला मासा परत बर्फावर ठेवला आणि रांग सोडून चालू लागली.