सातवी काच

या शहरात पाहुणा उतरला की हॉटेलच्या काउंटरवर त्याच्या हातात एक रंगीत पत्रक ठेवतात: काय काय बघाल. त्यात नाचणारी कारंजी असतात, खाडीवरचा पूल असतो, मोठा पाळणा असतो. पण पहिल्या नंबरावर गेली दोन वर्षं एकच जागा आहे, ती म्हणजे मनोऱ्याच्या चोपन्नाव्या मजल्यावरची काचेची जमीन. तिथून खाली बघितलं की बसगाड्या काडेपेटीएवढ्या दिसतात आणि माणसं तर दिसतच नाहीत. चांगलं घरदार सोडून, विमानाची तिकिटं काढून लोक पोटात गोळा आणायला इथे येतात. हौसेला मोल नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

पुढे पुढे नुसत्या काचेला कुणी घाबरेना. तेव्हा मनोऱ्याच्या साहेबांनी शक्कल लढवली आणि काचेच्या थरांमध्ये दिव्यांचा एक पातळ पडदा बसवून घेतला. वर पाय पडला की कडकन आवाज यायचा आणि पायाखालून तडे पसरत जायचे, अगदी खऱ्यासारखे. लोक किंचाळायचे, एकमेकांना मिठ्या मारायचे, मग हसायचे आणि खाली जाऊन पुन्हा रांगेत उभे राहायचे.

ही काच पुसायचं काम मावशींचं. त्यांचं नाव विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. हातात फडकं असलेली बाई म्हणजे मावशी, एवढं सगळ्यांना पुरत होतं. एकेक पलंगाएवढ्या बारा काचा, रोज सकाळी आठ ते दहा, गुडघ्यांवर बसून, आधी ओलं फडकं आणि मग कोरडं. तड्यांचा खेळ सुरू झाला त्या पहिल्या दिवशी मावशींना सांगायचंच सगळे विसरले होते. पायाखाली काच तडकलेली बघून त्यांची पाचावर धारण बसली. बादली उपडी झाली आणि "मेले गं बाई" म्हणत त्या अशा धावल्या की चपला मागेच राहिल्या. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. साहेबांना ते इतकं आवडलं की आता वर जाणाऱ्या लिफ्टमधल्या पडद्यावर दिवसभर मावशी पळत असायच्या. माणसाची फजिती व्हायची तेव्हा होते, पण तिची जाहिरात करणं म्हणजे कहर झाला.

मावशी ते गिळून राहिल्या, कारण त्यांची लेक चिंगी तिथेच नोकरीला होती. लाल कोट घालून, कानाला माइक लावून ती पाहुण्यांना काचेवर न्यायची. दर अर्ध्या तासाला सातव्या काचेच्या मधोमध उभं राहून उडी मारायची आणि म्हणायचं, "बघा मंडळी, काही होत नाही." दिवसातून सोळा उड्या. पोर धीट होती, बोलायला चुरचुरीत होती, आणि आईला तिचा अभिमान होता.

सोमवारी सकाळी मावशींना सातव्या काचेच्या कोपऱ्यात, चौकटीला लागून, एक रेघ दिसली. नखाएवढी होती. फडक्याने गेली नाही. खरवडून बघितली तर नखाला लागली नाही. म्हणजे रेघ वर नव्हती, आत होती. मंगळवारी ती दोन बोटं लांब झाली. तशा मावशी थेट साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, सातव्या काचेला तडा गेलाय."

साहेबांनी हसत अभिप्रायाची वही पुढे सरकवली. "मावशी, हे बघा. या महिन्यात दोनशे अकरा लोकांनी हेच लिहिलंय. काच तडकली, जीव जाणार होता, पोरं रडली. पूर्वी असं कुणी लिहिलं की आम्ही माणूस पाठवायचो. आता असं लिहिलं की आमचा महिना छान गेला म्हणायचं. तुमची तक्रार दोनशे बारावी."

"अहो, मी सकाळी बघितला तो. खेळ बंद असताना."

"खेळ बंद असला तरी मशीन जागंच असतं. पडद्यावर एखादं चित्र अडकून राहतं कधी कधी." मग साहेब जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, "आणि समजा गेला तडा. काचेला तीन थर आहेत. एक गेला तरी दोन आहेतच ना?"

"तिनातला एक गेला की दोन उरतात, एवढं गणित मलाही येतं, साहेब. पण तो गेला कशाने?"

तेवढ्यात साहेबांना फोन आला. मोठ्या माणसांना फोन फार वेळेवर येतात.

मावशी मग बटणवाल्याकडे गेल्या. लिफ्टशेजारच्या खोपटासारख्या केबिनमध्ये बसून तो तडे आणि आवाज चालवायचा. म्हातारा, जाड चष्म्याचा, पण कामाला चोख.

"माझ्याकडे अठरा तडे आहेत," तो म्हणाला. "एकूण एक ओळखतो मी. कोपऱ्यातून निघणारा त्यात एकही नाही." मग त्याने डोकं खाजवलं. "पण मशीनही जुनं झालंय. काय सांगावं?"

"मग मुख्य बटण बंद करून बघा ना. राहिला तर खरा, गेला तर खोटा."

"त्याला साहेबांची सही लागते, मावशी. एकदा बंद केलं की परत सुरू व्हायला पाऊण तास जातो. उगाच माझी नोकरी कशाला घालवता?"

बुधवारी रेघ वीतभर झाली. त्या संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या. ताट बाजूला सारून मावशी लेकीला म्हणाल्या, "चिंगे, सातवर उडी मारू नकोस. सहावर मार."

"माझी खूण सातवर आहे, आई. कॅमेराही तिथेच लावलाय."

"मग आजारी पड."

"अगं, काय हे? आधीच सगळे मला त्या पळणाऱ्या बाईची मुलगी म्हणतात. आता परत तेच सुरू करू?" बोलून गेल्यावर चिंगीचंच तोंड उतरलं. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"म्हण की. पळाले होतेच मी." मावशींनी तिचा हात धरला. "पण खोटे तडे येतात आणि जातात. हा जात नाही गं. हा नुसता वाढतोय. मला भीती वाटते."

चिंगीने हात सोडवून घेतला नाही, पण ऐकलंही नाही. तरण्या वयात आईची भीती म्हणजे नसती कटकट वाटते.

शनिवारी सुट्टीची गर्दी उसळली. मावशींची वेळ दहालाच संपली होती, तरी कठडा पुसायचं निमित्त करून त्या थांबल्या. साडेतीनच्या खेळाला पस्तीस माणसं काचेवर चढली. दिव्यांचे तडे सगळीकडे पसरले होते. त्यातला आपला कोणता ते मावशींना ओळखू येईना. चिंगीने गुडघे वाकवले आणि उडी मारली. भोंग्यातून नेहमीचा कडकडाट झाला. पण त्याच्याखाली मावशींना आणखी एक आवाज आला, बारीक आणि कोरडा, कुणी बोटं मोडावीत तसा. तो भोंग्यातून आलेला नव्हता.

त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात एक गृहस्थ म्हणाले, "अरे, लिफ्टमधल्या त्याच ह्या!" लगेच मोबाइल वर झाले. मावशी मागे फोटोत याव्यात म्हणून तिघं-चौघं सरकत सरकत नेमके सातव्या काचेवर येऊन उभे राहिले. मावशींनी तोंड मिटलं. आपण किंचाळलो तर उरलेलेही इथेच येतील, हे त्यांना लख्ख कळलं. पोटच्या पोरीसाठी ओरडायचीही सोय उरली नव्हती. त्या सावकाश चालत केबिनपर्यंत गेल्या, कारण पळायचीही चोरी होती.

"बंद करा."

"मावशी, सही..."

"तुमची नात तिथे उभी असती तर सही मागितली असती का?"

बटणवाल्याने चष्म्यावरून एकदा काचेकडे बघितलं, एकदा मावशींकडे, आणि मुख्य बटणाचा लाल दांडा खाली ओढला.

भोंगे गप्प झाले. अठराच्या अठरा तडे विझले. एक राहिला. कोपऱ्यातून निघून तो चिंगीच्या दोन बुटांच्या मधोमध आला होता आणि तिथून त्याला दोन फाटे फुटले होते.

"संपलं एवढ्यात?" कुणीतरी कुरकुरलं. लोक आपापल्या मोबाइलमध्ये फोटो बघत होते; खाली कुणीच बघत नव्हतं. चिंगीने मात्र बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पोर आता तिथेच खिळणार असं मावशींना वाटलं.

पण चिंगी बोलली, रोजच्याच गोड आवाजात. "मंडळी, खेळ संपला. आता एकेकाने, सावकाश, कठड्याच्या बाजूने बाहेर यायचं. घाई नको, धक्काबुक्की नको." आवाज जराही हलला नाही. एका हाताने तिने कोटाचं बटण घट्ट धरलं होतं, ते फक्त आईला दिसलं. पस्तीस माणसं कुरकुरत, हसत, एकमेकांना वाट देत बाहेर आली. एका जोडप्याने वाटेत थांबून आणखी एक फोटो काढला. सगळ्यात शेवटी चिंगी, पाऊल न उचलता, बूट घासत घासत काठाशी आली. मावशींनी तिला दंडाला धरून ओढलं आणि दोघी पक्क्या जमिनीवर कोसळल्या.

"आई, मी रोज सोळा वेळा..." चिंगी म्हणाली.

साहेब धावत आले. सातव्या काचेकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, आणि त्यांचा चेहराही पडला, हे मान्य करायला हवं. मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "सोमवारी इंजिनिअरला बोलावतो. तोवर हिच्यावर गालिचा टाका. बाकीच्या अकरा धडधाकट आहेत. मशीन चालू करायला घ्या, पाऊण तासाने पुढचा खेळ."

"मी येणार नाही," चिंगी म्हणाली.

"तू नकोच. आज मीच बोलतो." त्यांनी माइकसाठी हात पुढे केला.

खाली जाताना लिफ्टमध्येच चिंगीने अग्निशमन दलाला फोन लावला. पलीकडच्या बाई समजूतदारपणे हसल्या. "मॅडम, त्या मनोऱ्यावरून आम्हाला रोज दहा फोन येतात. घाबरू नका, तो खेळ आहे. मजा करा."

खाली रांग दारातून बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. पाऊण तास थांबावं लागणार म्हणून लोक वैतागले होते. चिंगी रांगेसमोर उभी राहिली. माइक नव्हता, म्हणून तिने घसा ताणला. "वर जाऊ नका! काच खरोखर तडकलीय. मी उभी होते तिच्यावर. हात जोडते, घरी जा."

मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि टाळ्या सुरू झाल्या. "बघा, खालपासूनच सुरुवात करतात!" एक बाई पुढे झुकून विचारू लागली, "कितवी काच हो? आम्हाला तिच्यावरच उभं राहायचंय." एक लहान मुलगी रडायला लागली, तिला तिचे बाबा म्हणाले, "अगं वेडे, ताई नाटक करतेय. किती छान करते बघ."

मावशी म्हणाल्या, "नाटक नाही हो, देवाशपथ नाही." त्यालाही टाळ्या पडल्या.

त्या मायलेकी तिथून हलल्या नाहीत. पाऊण तास भरला आणि लिफ्टचं दार उघडलं, तशी चिंगी आत शिरणाऱ्यांच्या आडवी झाली आणि दाराच्या चौकटीत पाय रोवून उभी राहिली. मावशी तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. दार मिटायला आलं, दोघींच्या खांद्यांना आपटलं आणि परत उघडलं. पुन्हा मिटलं, पुन्हा आपटलं. लोक हसत होते, मोजत होते, पाठीमागून रेटत होते.

"ताई, पुरे आता, सरका की."

"नाही सरकत," मावशी म्हणाल्या. "बघू कोण हलवतंय ते."

पण मनोऱ्याला लिफ्ट दोन होत्या. शेजारची गच्च भरली आणि तिचं दार मुकाट्याने मिटलं. एकीने ते अडवायला जावं तर दुसरीला बाजूला रेटून लोक या दारातून आत शिरले असते. चिंगीने आईचा हात घट्ट धरला. दारावरचा लाल आकडा नऊ झाला, दहा झाला, वीस झाला, आणि वर जाणाऱ्यांचं हसणं हळूहळू ऐकू येईनासं झालं.