दमयंतीकाकूंच्या पिकअपचा गिअरबॉक्स

जुना आहे मी, मान्य. पण भंगार म्हणाल तर ऐकून घेणार नाही, हे मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो. मी मालगुंडच्या दमयंतीकाकूंच्या पिकअपचा गिअरबॉक्स, तोही ऑटोमॅटिक. म्हणजे आमच्या गाडीला पायाशी क्लच नाही आणि गिअर बदलायचं काम माझं मीच करतो. चढ आला, ओझं वाढलं, तरी मला कुणी सांगायची गरज पडत नाही.

कारखान्यात माझे दात घासूनपुसून बसवले, पोटभर लाल तेल पाजलं आणि मला एका पांढऱ्या पिकअपखाली जोडलं. ती गाडी घ्यायला काकू स्वतः आल्या. लहानपणीच्या आजारानं त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. विकणाऱ्यानं पायाकडे बघत विचारलं, "गाडी चालवणार कोण?"

"पैसे मोजतेय ती," काकू म्हणाल्या. त्याच क्षणी मी त्यांचा झालो.

काकूंची आंब्याच्या कलमांची नर्सरी आहे. नऊ वर्षं आम्ही दोघांनी पालीपासून खेडपर्यंत कलमं पोचवली. ब्रेक आणि एक्सलरेटर त्यांच्या उजव्या पायाकडे, बाकी सगळं माझ्याकडे. बाजारात लोक गाडीच्या मऊ चालीचं कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचो. मात्र माझं तेल बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. खोटं कशाला सांगू, काकूंच्याही नाही.

यंदा ऋतिकाच्या, म्हणजे लेकीच्या बाळंतपणासाठी काकू दोन महिने मुंबईला गेल्या आणि गाडी त्यांच्या धाकट्या दिरांच्या, दादूंच्या हाती आली. माणूस वाईट नाही, पण डिझेल वाचवायची भारी हौस. उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि मोठी कमाई केल्यासारखं शीळ घालत खाली यायचं. साध्या गाडीत जन्मभर त्यांनी हेच केलेलं. इथे चाकं भरधाव फिरत असताना इंजिन मंदावल्यामुळे माझं तेल मात्र संथ फिरायचं. पायथ्याशी आल्यावर दादू मला पुन्हा खाडकन कामाला जुंपायचे आणि माझ्या आतल्या क्लचप्लेटा कोरड्या घासायच्या. हळूहळू तेल काळं पडलं, जळका वास येऊ लागला. ओरडायला मला तोंड नव्हतं.

काकू परत आल्या. पहिल्याच फेरीत, पालीच्या अलीकडच्या चढावर, दोनशे कलमं मागे असताना इंजिन गर्जत राहिलं आणि चाकं जागची हलेनात. तेव्हा मला फार लाज वाटली.

पालीच्या रघू मिस्त्रीनं मला उतरवून लाकडी बाकावर ठेवलं आणि माझ्या डोक्यावरच पंचायत बसली.

"वैनी, ह्या लाडावलेल्याला काढा," दादू म्हणाले. "साधा गिअर बसवू. मी हाय ना चालवायला."

रघूनं दुसरी वाट सांगितली. "अपघातातल्या गाडीचा ऑटोमॅटिक मिळतोय. परवा बसवून देतो. पण तो आतनं कसा हाय, त्याची खात्री मी देणार नाय. हाच बांधायचा तर बारा दिवस लागतील."

आणि लागवडीचे दिवस तर तोंडावर आलेले. काकूंनी माझ्या कवचावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "कलम मान टाकतं तेव्हा मी आधी मूळ बघते. तू ह्याला खोल."

रघूनं मला खोललं. "प्लेटा जळल्यात, सीलं गेलीत. पण दात, पंप, कवच शाबूत हाय."

"मग हाच बांध."

"कशाला हट्ट, वैनी?" दादू म्हणाले. "बारा दिवस गिऱ्हाईक थांबेल काय?"

"थांबंल नायतर जाईल. साधा गिअर बसला की गाडी तुमची आणि मी बाजूच्या सीटवर. नऊ वर्षं मी कुणाला 'मला नेतोस काय' असं विचारलेलं नाय, भावोजी. आता शिकायची नाय."

मित्रांनो, माझ्यात तेलाचा थेंब नव्हता, तरी अंगात जोर आला.

खेडच्या गिऱ्हाइकाला काकूंनी स्वतः फोन केला. कलमं उशिरा येतील, पण मीच आणीन, असं सांगितलं. पालीचं एक गिऱ्हाईक तुटलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण निर्णय बदलला नाही. बारा दिवस त्या एसटीनं येऊन माझ्यापाशी स्टूल टाकून बसल्या. माझं तेल कधी बदलायचं, ते रघूला विचारून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. उतारावर मला न्यूट्रलमध्ये टाकायचं नाही, हेही रघूनं त्यांना बजावलं.

तेराव्या दिवशी आम्ही खेडला निघालो. काकू स्टिअरिंगवर, दादू शेजारी. मी चढ न कुरकुरता चढलो. पुढे उतार लागताच दादूंचा हात सवयीनं माझ्या दांड्याकडे आला.

"हात मांडीवर," काकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. दादूंनी हात मुकाट्यानं मांडीवर ठेवला.

तेव्हा मित्रांनो, वस्तूला वेळच्या वेळी तेलपाणी द्या, तिची रीत समजून घ्या. तरीही बिघडली, तर टाकायची की बांधायची हे ठरवण्याआधी तिच्यावाचून कुणाचं काय अडतं ते विचारा. आणि शेजारी बसणाऱ्याला विचारू नका. जिचं अडतं, तिलाच विचारा.