डाल्यातली गादी

गादीची रिकामी खोळ बाभळीवर अडकलेली. वारा आला की फुगते, गेला की सपाट.

मोबाइलवर एक तरुण सांगतो आहे : गाडी सपाट जागा बघून लावा, डोकं चढाकडे ठेवा, मग बघा कशी झोप लागते.

"डोळा लागला होता फक्त," अंकुर म्हणतो. पिकअपचं पुढचं चाक नालीत.

केळीचा सुका पाला.

कोणीतरी खाकरतं. दोनदा, आणि जरा थांबून तिसऱ्यांदा.

हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे. ती गोष्ट पूर्ण फक्त आकांक्षाला माहीत होती. निदान तिला तसं वाटत होतं.

तर हिवरखेडचे खुशालराव पावसाळ्यात वारले. झोपेतच गेले, गादीवर, कोणाला हाक न मारता. माणूस गेला की त्याचं अंथरूण गावाबाहेर नेऊन टाकायचं, ही त्या घरची रीत. त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, ते काम सुनेला सांगितलं. आकांक्षाने गादी उचलली आणि तिचा हात थबकला. आतला कापूस घरच्या वावरातला होता. वच्छलाबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात स्वतः वेचलेला, अधूनमधून पिंजून पुन्हा भरलेला. असा कापूस टाकायचा? तिने शिवण उसवली, कापूस पोत्यात भरला, पोतं कोठीत ढेपेच्या मागे सारलं. मग नुसती खोळ गुंडाळून नाल्यापलीकडे टाकून आली. पुढचं काम वाऱ्याने केलं.

तेव्हापासून अंकुरची झोप गेली.

खुशालरावांचा एकुलता एक मुलगा, आकांक्षाचा नवरा. पिकअपच्या डाल्यात, मागच्या उघड्या हौद्यात, केळी, संत्री वाहायचा. रात्रभर पंख्याकडे बघत पडायचा आणि दिवसा स्टेअरिंगवर पेंगायचा. अकोटच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर तो रात्री जागाच राहिला आणि गुंगी दुसऱ्या दिवशी दुपारी चढली. दिवाळीच्या तोंडावर गाडी नालीत उतरली. केळीचे घड रस्ताभर पसरले, त्याला खरचटलंही नाही. आकांक्षाने ते घड वेचता वेचता एवढंच ओळखलं, की पुढच्या वेळी समोर नाली नसेल, ट्रक असेल.

तिने मोबाइलवर पाहिलं होतं, लोक गाडीच्या मागे गादी टाकतात, रानात जातात, आणि लेकरासारखे झोपतात.

"धारणीकडे जाऊ," ती म्हणाली. "दोन दिवस. आपल्याच गाडीत झोपू."

"डाल्यात? अवं, आपून काय केळी हाओत का?"

"केळी बरी. पडल्या पडल्या पिकतात तरी. तुमी तर वाळून राहिले."

अंकुर कितीतरी दिवसांनी हसला. आणि तिने

(इथे तिने थांबायला हवं होतं. नवी गादी बाजारात मिळते.)

आणि तिने कोठीतलं पोतं अकोटला नेलं. कापूस पिंजून घेतला, थोडा नवा मिसळला, डाल्याच्या मापाची गादी शिवून आणली. अंकुरला सांगितलं नाही. सासूबाईंनी विचारलं नाही.

घाट चढून गेलं की धारणीच्या अलीकडे अंकुरच्या ओळखीच्या माणसाचं शेत आहे. मका निघून गेलेला, रान मोकळं. आकांक्षाने गाडी मागेपुढे, मागेपुढे घ्यायला लावली.

"अजून जराशी डावीकडं. तिकडं उतार हाय."

"आता यापेक्षा सपाट पाहिजे असंन तर विमानतळावर लावतो!"

पत्रा थंडीत खालून गार मारतो, म्हणून आधी रबराची चटई. तिच्यावर अंकुरने केळीचा सुका पाला पसरला. घड दबू नयेत म्हणून तो नेहमीच घालायचा, आज स्वतःसाठी घातला. मग गादी. वरून ताडपत्री, एक बाजू उघडी, तारे दिसावेत म्हणून. मागचा फाळका बंद, उश्या केबिनकडे. दिवस बुडायच्या आत भाकरी-पिठलं झालं. अंकुर आडवा झाला आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "वा! काय भरलं वं तू यात?"

"कापूस."

उत्तर ऐकायला तो जागा नव्हता.

रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तो एकदाही उठला नाही.

सकाळी ताडपत्रीवर ऊन आलं. दवाचे थेंब कडेने एकेक सुटत होते. आकांक्षा पडल्या पडल्या नवऱ्याकडे बघत होती. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या, ओठ सैल पडले होते. तिला रडू फुटलं, आनंदाचं. तेवढ्यात तो झोपेतच खाकरला. दोनदा. जरा थांबून तिसऱ्यांदा. मग डाव्या कुशीवर वळला, तळवा गालाखाली घेतला.

"मास्तरीन," तो म्हणाला. "पानी दे वं."

आकांक्षाने डी.एड. केलं होतं. नोकरी लागली नाही. घरातला एकच माणूस तिला मास्तरीन म्हणायचा, अर्धं कौतुकाने, अर्धं चिडवायला. तो माणूस अंकुर नव्हता.

तिने पाणी दिलं. दुसरं काय करणार? झोपलेल्या माणसाने डोळे न उघडता पेला रिकामा केला आणि उपडा करून परत दिला. खुशालराव असाच द्यायचे, "पाहून घे, थेंब नाही ठेवला," म्हणत.

तासाभराने अंकुर उठला तो टवटवीत.

"पोट भरून झोपलो आज. अन् बाबा आले होते."

"कुठं?" तिने विचारलं.

"इथंच, पायाशी बसून होते. मंग मले म्हने, सरक जरासा." हे त्याने चहात बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं. भीती नाही, काही नाही. "मी सरकलो."

आकांक्षाने गादीकडे पाहिलं. तिच्या जागेवर एक खळगा, त्याच्या जागेवर एक. आणि मधे एक. लांब, डाव्या कुशीवर मावेल एवढा.

शेतात रेंज नव्हती. पलीकडच्या टेकाडावर चढून तिने घरी फोन लावला.

"आई, ह्यांना झोप लागली."

"लागनारच," वच्छलाबाई म्हणाल्या. "कसे हायेत?"

"चांगले हायेत. चहा पिऊन राहिले."

"अंकुरचं नाही इचारून राहिली मी."

खाली शेतात पिकअप पांढरी, छोटी दिसत होती. आकांक्षाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई, तुमाले माहीत—"

"मले काय आंधळी समजली तू? माया हातानं वेचलेला कापूस हाय तो. तू पोतं ठेवलं, मी चूप राहिली. मी बी नसतं टाकलं. रोज दुपारी कोठीत जाऊन बसत होती त्याच्यापाशी. सुखदुखाचं बोलत होती. तू पोतं नेलं तवापासून मले डोळ्याले डोळा नाही, पोरी. घरी आन नाहीतर जाळून टाक. पन असं दोघांच्या मधात ठेवू नको त्याईले. पोरगा सरकत सरकत किती सरकंन?"

ती टेकाड उतरली तेव्हा दुपार झाली होती आणि अंकुर पुन्हा झोपला होता. उठवावं, तर पुन्हा तो पंखा, तो रस्ता, तो ट्रक. झोपू द्यावं, तर उठेल तो कोण असेल? त्याचं अंग गादीच्या पार कडेला गेलं होतं, खांदा पत्र्याला टेकलेला. दोनदा खाकरण्याचा आवाज आला. तिने तिसऱ्याची वाट पाहिली. तोही आला.

"मास्तरीन."

तिने डोक्यावर पदर घेतला. सलवार-कमीज होता, पदर नव्हता, ओढणी घेतली. मोठ्या माणसाशी, सासऱ्याशी बोलायचं होतं.

"मामाजी," ती म्हणाली. "चूक माझी हाय. मी कापूस ठेवला, तुमाले जाऊ दिलं नाही. पन ह्यांच्या जागेवर नका झोपू. तिकडं आई जाग्या हायेत. इतक्या दिवसांच्या. तुमाले पानी लागंन तर त्या देतीन. उठा आता."

काही झालं नाही. मक्याच्या धसकटांत एक होला चालत होता, तोही थांबला.

मग पिकअपच्या चाकांवरचे पाटे करकरले. मालाचं पोतं उतरवल्यावर डाला उचलतो, तसा मागचा भाग थोडा वर आला. फाळका बंदच होता. अंकुरने झोपेत हातपाय पसरले, उताणा झाला, आणि तोंड उघडं टाकून घोरायला लागला. हे घोरणं तिच्या ओळखीचं होतं. यावरून तिने त्याला कितीदा कोपर मारलं होतं.

ती डाल्यात चढली नाही. चाकाला टेकून उन्हात बसून राहिली, वर त्याचं घोरणं ऐकत. पुन्हा टेकाडावर जाऊन घरी फोन करावा असं तिला दोनदा वाटलं. ती गेली नाही. फोन कोण उचलेल आणि आधी काय ऐकू येईल, हे तिला कळून घ्यायचं नव्हतं.

पिकअप विकत घेतली त्या दिवशी खुशालराव अकोल्यापासून हिवरखेडपर्यंत मागे डाल्यात बसून आले होते. पुढे केबिनमध्ये जागा होती, तरी.