गोंदणावरचा पटका

थांबा, एवढ्यात मला हात लावू नका. मी पटका बोलतोय. आता विटून मातकट झालोय, पण एके काळी माझा रंग गुलबक्षी होता आणि निलंग्याच्या बाजारात मला पाहून लोक थबकायचे.

बसलिंगप्पांनी मला त्यांच्या मुलासाठी, शिवप्पासाठी घेतलं. पोरगं एवढंसं आणि मी हा लांबलचक! "मोठेपणीबी पुरंल," ते म्हणाले. शिवप्पाच्या पाठची गौरम्मा. दोघांचा तोंडवळा एकच. आई देवाघरी गेलेली. जाण्याआधी तिनं लेकीच्या कपाळावर हौसेनं हिरवी चांदणी गोंदवून घेतली होती.

रजाकारांच्या धामधुमीत तिघं गाव सोडून पळाले. वाटेत तापानं शिवप्पा गेला. बसलिंगप्पा खूप रडले. मुलगा नाही म्हटलं की भाऊबंद शेत वाटून घेणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी गौरम्माचे केस कापले आणि कपाळ झाकेल असं मला तिच्या डोक्यावर बांधलं. "आजपासून तू शिवप्पा. गौरी गेली," ते म्हणाले. गावी परतल्यावर सगळ्यांनी गौरीसाठी डोळे पुसले. मामा गुरुबसप्पा तर ऊर बडवून रडले.

तेव्हापासून मीही त्याला शिवप्पाच म्हणतो. औत धरावं, मोट हाकावी, गड्यांत बसून पान खावं, हे सगळं त्याला मनापासून आवडायचं. लग्नाचा विषय निघाला की बाप म्हणायचा, "देवाला वाहिलाय त्याला." शेतात तो साधा पंचा गुंडाळायचा, चारचौघांत मात्र मीच. मी सरकलो तर नाही ना, म्हणून त्याचा हात सारखा कपाळाकडे यायचा. माणसानं इतकं भिऊन जगावं का हो?

एका यात्रेत तंबूत सिनेमा लागला. जुन्या राजेरजवाड्यांचा. शिपायाच्या वेषात राजकन्या लढते, तलवारीच्या टोकानं तिचा फेटा उडतो आणि केस मोकळे सुटतात. शिट्ट्यांनी तंबू दणाणला. चुलतभाऊ शरणप्पा खिदळत म्हणाला, "शिवप्पा, तू बी कधी पटका काढत न्हाईस की रं! बघू का उडवून?" चेष्टाच होती ती. पण शिवप्पा खेळ अर्धा टाकून उठला आणि शरणप्पाच्या मनात पाल चुकचुकली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तलावाच्या कामावर खडी फोडता फोडता बसलिंगप्पा गेले. आमच्याकडे बाप गेला की मामा भावकीसमोर भाच्याचा जुना पटका उतरवतो, विभूती लावतो आणि नवा बांधतो. "घरातच बांधा, मामा," शिवप्पा काकुळतीला आला. शरणप्पा आडवा आला. "का म्हणून? रीत हाय. अंगणात बसायचं!"

मामांनी मला उचललं. भर उन्हात चांदणी लख्ख दिसली.

ज्या भाचीसाठी ते इतकी वर्षं झुरले, ती जिवंत समोर बसली होती. पोटाशी धरायचीही सोय नव्हती. मागून शरणप्पा मान उंच करून पुढं सरकत होता. मामांनी ताटातली विभूती मूठभर घेतली आणि कपाळभर थापली.

"शिवा शिवा! बाप मेलेल्या पोराचं तोंड काय बघून राहिलाव रं? सरका मागं!" ते गरजले. नवा पटका बांधताना त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. लोकांना वाटलं, मेव्हण्यासाठी रडताहेत.

मी पेटीत गेलो. पुढं मामाही गेले. यंदा लातूर वेगळा जिल्हा झाला, पेढे वाटले, भोंगे वाजले. शिवप्पा मात्र बाजेवरून उठला नाही. त्यानं मला मागून घेतलं आणि उशाशी ठेवलं. "मामा असते तर..." एवढंच पुटपुटला. आमच्यात मेलेल्याला न्हाऊ घालून, बसवून माती देतात. कुणाच्या हातचं पाणी अंगावर पडणार, हाच त्याला घोर होता.

आज सकाळी त्याचा श्वास थांबला. आणि भावकीतला सगळ्यांत जवळचा म्हणून पाण्याची घागर घेऊन आत आलायस तू, शरणप्पा.

तुझेही केस आता पिकलेत. दार लावून घे. पाणी घालताना नजर खाली ठेव. कपाळाशी आलास की तुझा हात थांबेल, मला ठाऊक आहे. तेव्हा मामांसारखी मूठभर विभूती घे, आणि मग मला बांध. घट्ट बांध, बाबा.

बाहेर लोक शिवप्पासाठी थांबलेत.