अण्णांचं एक लिटर

पाचवीच्या पेपरांचा गठ्ठा समोर घेऊन बसल्यापासून बाईंचं डोकं फिरलं होतं. पाच मीटर दोरीतून पावणेतीन मीटर दोरी कापली, तर किती उरली? चाळीस पोरांपैकी एकवीस जणांनी छातीठोकपणे लिहिलं होतं, पावणेचार. पाचातून दोन वजा केले आणि तो तीन-चतुर्थांश जसाच्या तसा उत्तराच्या शेपटीला चिकटवला. महिनाभर घसा फोडून शिकवल्याचं हे फळ. त्यात एका पेपरावर तेलाचा डाग, दुसऱ्यावर कुणाच्या तरी नाकातलं वाळलेलं. बाईंनी तो पेपर दोन बोटांच्या चिमटीत धरून तपासला.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. तो फोनवर नेहमी काहीतरी चघळत बोलायचा आणि त्याची मचमच बाईंच्या कानात शिरायची.

"ताई, अण्णांचं पाणी तू नीट मोजतेस ना? नाही म्हणजे, वजन वाढतंय म्हणून विचारलं."

"तू येऊन मोज," म्हणून बाईंनी फोन ठेवला. वर्षातून दोनदा तोंड दाखवणार आणि वर हिशेब विचारणार. शिसारी आली त्यांना.

अण्णांचं, त्यांच्या वडिलांचं, हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलं होतं, चहा, सूप, गोळ्यांचा घोट सगळं धरून. बाई सकाळी एक लिटरची बाटली भरायच्या आणि अण्णांच्या पोटात जाणारा थेंबन् थेंब त्यातूनच काढायच्या. चहाचं पाव गेलं, पाऊण उरलं. सूप आणि गोळ्यांचं पाव गेलं, अर्धं उरलं. सगळं वहीत लिहिलेलं, एक खाडाखोड नाही. तरी आठवड्यात अडीच किलो वजन वाढलं होतं. पायावर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि कितीतरी वेळ भरून यायचा नाही.

"एक लिटरच्या वर जातंय, कुठून ते शोधा," डॉक्टर म्हणाले होते. "सोमवारी वजन उतरलं नाही तर दाखल करू. आणि या खेपेला ते घरी परत येतील, असं मी सांगू शकत नाही."

आज रविवार होता. स्वयंपाकघराला कुलूप, बाथरूममध्ये जाताना बाई सोबत. पाणी शिरायला वाट म्हणून नव्हती. शोधायचं कुठे?

दुपारी त्यांनी नेहमीप्रमाणे अण्णांना आडवं केलं, कवळीसाठी वाडगाभर पाणी स्टुलावर ठेवलं आणि तोंड फिरवलं. त्या गुलाबी हिरड्या, फटीत अडकलेला घास, ती बुळबुळीत लाळ बाईंना बघवायची नाही. पहिल्याच दिवशी अण्णा म्हणाले होते, "माझे दात मीच धुणार, तू नको हात लावू." बाईंना हायसं वाटलं होतं. वाडगा भरून द्यायचा आणि रिकामा उचलायचा, एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं.

पेपर पुढे ओढल्यावर चष्मा आत राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून त्या परत गेल्या.

अण्णा पलंगावर उठून बसले होते. वाडगा दोन्ही हातांनी धरून ते त्यातलं पाणी पीत होते, आणि आतली कवळी त्यांच्या वरच्या ओठाला लागत होती. पाणी संपलं तसं त्यांनी वाडग्याचा काठ चाटला.

बाई दारातच थांबल्या.

"अण्णा, किळस नाही वाटत?"

"पहिल्यांदा वाटली," अण्णा बोळक्या तोंडाने म्हणाले. "पण तहान फार लागते गं. आणि तुला किळस येते, तू इकडे बघत नाहीस, हे मला ठाऊक होतं."

बाईंनी वाडगा नळाखाली भरून मापात ओतला. पाव लिटर. दुपारी एकदा, रात्री एकदा. रिकामा वाडगा उचलताना पाणी खिडकीबाहेर फेकलं असेल, एवढंच त्यांनी धरलं होतं. वहीत रोजचं एक लिटर लिहिलं होतं आणि माणूस दीड पीत होता. एकवीस पोरांवर त्या सकाळपासून दात खात होत्या. पोरांनी निदान कापलेली दोरी हिशेबात धरली तरी होती. आज त्यांना स्वतःचीच घाण वाटली.

त्यांनी कवळी उचलली, उघड्या हाताने. फटीतला घास नखाने काढला, लाळ बोटांनी चोळून धुतली. दोनदा उमासा आला, तो गिळला. मग कवळी ओल्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवली.

"आजपासून हे मी करणार," त्या म्हणाल्या. "पाण्यात ठेवायची नाही."

अण्णा स्टुलावर जिथे वाडगा असायचा तिथे बघत राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांची जीभ बाहेर आली आणि ओला ओठ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश पुसून आत गेली.