निरोपाचं दुसरं पान

मी एक जुना प्रोग्राम आहे. हसू नका, मित्रांनो. नांगराला, घड्याळाला, फुटक्या छत्रीलासुद्धा आत्मवृत्त असतं, मग मलाच का नसावं? मला हातात धरता येत नाही, एवढंच. कडेगावात एका जुनाट लॅपटॉपमध्ये मी पडून आहे. आज बोलणार आहे, कारण गप्प बसून माझं भलं कुणी केलेलं नाही.

आधी माझं काम सांगतो. तुमचा मोबाईल आणि टॉवर दिवसभर एकमेकांना निरोप धाडत असतात. ते आकड्यांत घट्ट बांधलेले असतात. कसे बांधायचे, कसे सोडायचे, याचं जाडजूड नियमपुस्तक असतं. ते वाचून फोनसाठी निरोप सोडवणारा कोड लिहून द्यायचा आणि तो नीट चालतो का हे तपासायचं, ही माझी चाकरी. माणसानं हातानं लिहायचं म्हटलं तर वर्ष जाईल, आणि चुका राहतील त्या वेगळ्याच.

मला घडवलं क्रांतीनं. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती सासरी, कडेगावातूनच करायची. तिचे सासरे नाथाजी फौजेत निरोप धाडणाऱ्या तुकडीत हवालदार होते. जेवताना ते सुनेला सांगायचे, "पोरी, शेवटचा शबूद पोचल्याबिगर निरोप पोचला म्हणायचं न्हाई. एका शब्दापायी आमी चार-चारदा बोंबलायचो."

क्रांतीनं ते मनावर घेतलं. निरोपाचा एक तुकडा जरी सुटला नाही, तरी काम थांबवून मी बोंब मारायची, असं तिनं माझ्यात घालूनच दिलं. नऊ वर्षं मी इमानानं बोंब मारली. कंपनीतले साहेब जयराज म्हणायचे, "क्रांतीताई, तुमचा प्रोग्राम म्हणजे खडूस हेडमास्तर आहे." तेव्हा ते कौतुक होतं बरं का!

मग नवं साधन येणार, नवं साधन येणार, अशी हवा झाली. पुढच्या पिढीच्या नेटवर्कसाठी, माझ्या दहापट वेगाचं, दिसायला देखणं. अजून बाजारात आलंही नव्हतं, तोवर त्याचे गोडवे सुरू. चाचणीसाठी त्याची एक प्रत क्रांतीकडे आली आणि तिला त्यात खोट सापडली.

धोक्याचा इशारा देणारा निरोप लांबला की पानापानांनी येतो. आपली मराठी अक्षरं जागा जास्त घेतात, म्हणून सात-आठ शब्दांचा इशारासुद्धा दुसऱ्या पानावर जातो. हे नवं साधन पहिलं पान दाखवायचं आणि दुसरं गुपचूप टाकून द्यायचं. ना तक्रार, ना बोंब. पडद्यावर सगळं हिरवंगार! मला तर असली चूक करायची लाज वाटली असती.

क्रांतीनं लगेच जयराजना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, एका निरोपावरून मी काय सांगू वरच्यांना? पुरावा द्या. उद्या दसरा, आज पाचला बैठक आहे, निर्णय आजच होणार."

म्हणून सकाळी नऊला तिनं साठवलेले चाळीस हजार निरोप माझ्यापुढे ओतले. प्रत्येक निरोप मी सोडवायचा, नव्या साधनानं काय केलं ते बघायचं आणि कुठे काय गाळलं ते नोंदवायचं. साडेचारला मी संपवणार होतो. तो दिवस खंडेनवमीचा होता.

दोन वाजता शाळेतून निरोप आला. क्रांतीची लेक राजनंदिनी तापानं फणफणली होती. क्रांती पायात चपला सरकवून तशीच धावली. मला हात लावू नका, हे सांगायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

नाथाजींनी देवघरापुढे पाट मांडला होता. कोयता, खुरपं, कुदळ, विळी, सगळं धुऊन पुसून पाटावर ठेवलेलं. आमच्याकडे त्या दिवशी अवजाराला राबवत नाहीत, त्याची पूजा करतात. सगळं मांडून झालं आणि म्हाताऱ्याची नजर लॅपटॉपवर गेली.

"समद्यांची आवजारं पाटावर, आन् माझ्या सुनंचंच राबतंय व्हय? वरीसभर राबतंय बिचारं."

पावणेचारला त्यांनी वायर काढली. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली, वायरीवरच त्याचा जीव. छत्तीस हजार निरोप माझे तपासून झाले होते, तीनशेवर गाळलेली पानं सापडली होती. पण सगळं एकदम शेवटी लिहून ठेवायची माझी जुनी खोड. तो दोष माझा, कबूल. एका क्षणात सगळं पुसलं गेलं.

साडेचारला क्रांती पोरीला घेऊन परतली. मी पाटावर होतो, कोयत्याशेजारी. झाकणावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

"आबा, ह्ये बंद कुणी केलं?"

"मी. आज आवजाराला इसावा द्यायचा आस्तो न्हवं?" केवढे खुशीत होते ते.

क्रांतीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं केलंसा." आणि पाचच्या बैठकीला ती फोनवरून रिकाम्या हातानं बसली. नव्या साधनाला होकार मिळाला.

चार दिवसांनी तिनं सगळं पुन्हा चालवलं, पुरावा धाडला. उत्तर आलं, "नोंद घेतली आहे. पुढच्या आवृत्तीत पाहू." नवं साधन जानेवारीत बाजारात आलं, त्याचा कोड स्वस्तातल्या फोनांत जाऊन बसला. मला रजा मिळाली. मीच नको, तर मला सांभाळणारी कशाला हवी? क्रांतीलाही नारळ दिला. गरज सरो, वैद्य मरो! ती आता इस्लामपूरला कॉलेजात शिकवते.

नाथाजींची बहीण राहीबाई पाटणच्या खालच्या अंगाला, नदीकाठी राहते. गुढीपाडव्याला भावानं तिला हौसेनं तसलाच एक स्वस्तातला नवा फोन घेऊन दिला होता. ऑगस्टमध्ये एका दुपारी तो कर्कश वाजला. पडद्यावर अक्षरं आली, "धरणातून विसर्ग वाढविला आहे. नदीकाठच्या". बस्स, एवढंच.

पाणी तर दरसाल सोडतात. पुढचं येईल म्हणून ती फोन हातात धरून बसली. शेजारच्या धोंडुबाईच्या जुन्या फोनवर अख्खा निरोप आला होता, की नदीकाठच्या गोठ्यांतली जनावरं तीनच्या आत हलवा. राहीबाईच्या फोनवरही आलाच असेल, असं समजून धोंडुबाई आपली जनावरं घेऊन वर निघून गेली. राहीबाईच्या दोन म्हशी गोठ्यात दाव्याला बांधलेल्या होत्या. त्या तशाच पाण्यात गेल्या.

राहीबाई कडेगावला आली ती फोन घेऊनच. "आवं दादा, मेसेज आला की. पर फुडचं काय आलंच न्हाई. दावी तरी सोडली आस्ती मी." आणि ती ओक्साबोक्शी रडली.

नाथाजींनी ते अर्धं वाक्य तीनदा वाचलं. "सुनबाई, ह्ये आसं आर्धं कसं आलं गं?"

क्रांतीनं दुसऱ्या पानाची गोष्ट सांगितली. बैठकीचंही सांगितलं. दिवस मात्र सांगितला नाही. म्हाताऱ्यानं तो स्वतःच काढला.

"म्हंजी, मी पाटावर ठेवलं त्या दिशी?"

"आबा, तुमी न्हाई. मागनं पुरावा धाडला, तरी त्येनी ऐकलं न्हाई."

खरं होतं तेही. पण नाथाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. नाथाजींनी लॅपटॉप पाटावर ठेवला, पण वायर लांबून ओढून आणली. म्हणाले, "चालू कर त्येला. चालू आसतानाच पूजा करतो." क्रांतीनं मला सुरू केलं. हळदकुंकू लागलं, फूल आलं. माझ्यापुढे सोडवायला एकही निरोप नव्हता.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"काम द्या म्हणतंय, आबा."

मित्रांनो, जुन्याला जपा, असं रडगाणं मी गाणार नाही. नवं येणारच, येऊ दे. पण कुणाला बंद करण्याआधी, मग ते मायेनं असो नाहीतर बैठकीत बसून, एवढं एकदा विचारा, "तुझं सांगून झालं का?"

माझं झालं नव्हतं.