नस मारणारी पोरगी

कळसाडीच्या चुडामण आप्पाची दाढ दुखायला लागली आणि घरादाराचं जगणं हराम झालं. आप्पा मुळात गोड बोलणारा नव्हताच. त्यात चहाचा घोट घेतला की डाव्या बाजूला कळ उठायची, कानात जायची, कपाळात जायची, आणि समोर असेल त्याच्या अंगावर आप्पा धावून जायचा. गार पाणी तोंडात धरलं तेवढंच बरं वाटे. म्हणून तो बाटली काखेत मारून उसात जाऊ लागला. तोंडात पाणी असेपर्यंत मजुरांना तेवढीच शांतता मिळायची.

शहाद्याला दातांची डॉक्टर होती, पण ती होती दामिनी, त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाची, छगनची मुलगी. सगळं अडलं होतं ते इथेच. ती बारावी झाली तेव्हा आप्पाने समाजातल्या एका बड्या घराला तिच्यासाठी शब्द देऊन टाकला होता, छगनला न विचारता. छगन म्हणाला, पोरगी शिकेल. आप्पाचा शब्द पडला, चार लोकांत हसं झालं, आणि त्याने भावाच्या घराशी नातं तोडलं. भावाला त्याने एकवेळ माफ केलं असतं, त्या पोरीला मात्र नाही. तिचं नावसुद्धा तो ओठांवर येऊ देत नसे.

पण शहाद्यातला दातांचा दुसरा डॉक्टर लग्नाला म्हणून बाहेरगावी गेलेला, आणि आप्पाची बायको शीला रडकुंडीला आलेली. तिने रिक्षा दारात आणून उभी केली तेव्हा तो तणतणत बसला.

दवाखान्यातल्या खुर्चीवर टेकताच त्याने वरच्या दाढेवर बोट ठेवलं. "हाई काढी टाक. बाकी काही बोलू नको."

दामिनीने वरच्या दाढेला गार बोळा लावला, ठोकून पाहिलं. आप्पाला काहीच झालं नाही. मग तिने खालच्या दाढेला गरम टोक टेकवलं, आणि आप्पाने किंचाळून तिचं मनगट धरलं.

"दुखनारी खालनी शे, आप्पा," ती हात सोडवून घेत म्हणाली. "वरली चांगली शे."

"मन्ही दाढ, आनि माले मालूम नही?"

"खालनी कळ वर जास. मानूसले ठिकाना लागस नही." ती शांतपणे समजावत राहिली. "दाढना पोटमा नस ऱ्हास, रगत ऱ्हास. कीड तठलोंग पोचनी. नस सुजनी, पन चारीमेर टनक दात. सुजाले जागाच नही, म्हनीसन ठनका लागस. नुसती थंडानी कळ येती आनि लगेच थांबती, तर सिमेंट भरीसन वाची जाती. आते गरमनी उठस आनि थांबस नही. नस मारनी पडी. दाढ ऱ्हाई."

शहाद्यापासून नंदुरबारपर्यंत लोक या उपचाराला नस मारणं असंच म्हणतात. दामिनीही लोकांचाच शब्द बोलली होती. पण आप्पाने तो ऐकला छगनच्या पोरीच्या तोंडून, आणि त्याचं डोकं फिरलं.

"मारशी? मन्ही नस मारशी?" तो खुर्चीतून उठलाच. "डाव साधी ऱ्हायनी का बापना?"

दामिनी म्हणाली, "आप्पा, बसा." तो बसला नाही.

आठवडे बाजारात पाल टाकून दात काढणारा एक माणूस बसायचा. आप्पाने त्याच्यापुढे वरच्या दाढेवर बोट ठेवलं, आणि त्याने कसलीही विचारपूस न करता ती उपटून हातावर ठेवली. चांगली टणक, पांढरी दाढ होती. आप्पाने तिच्याकडे पाहिलंही नाही. ठणका तसाच राहिला, तर आप्पा म्हणाला, जखम ओली आहे. पुढे एका सकाळी ठणका एकदम गेला. आप्पाने कढत चहा घेतला, पुन्हा एक कप मागवला, आणि काहीही झालं नाही. तो इतका खूश झाला की शीलाला भीतीच वाटली.

मग दूध डेअरीच्या ओट्यावर बसून त्याने मनसोक्त तोंडसुख घेतलं. "छगननी पोर मन्ही नस माराले निंघनी व्हती! बाजारमा काढी आनी, दखा, बरा व्हयनू का नही?" ओट्यावर ती दाढेची नस होती. गल्लीत येईपर्यंत डोळ्याची झाली, आणि बायकांत पोहोचली तेव्हा मेंदूची. कळसाडीचं माणूस दामिनीच्या पायरीला जाईनासं झालं. आप्पाला ते कळलं तेव्हा त्याला मनापासून आनंद झाला. इतक्या वर्षांनी का होईना, हिशोब चुकता झाला होता.

आणि मग जबड्याखाली सूज आली. अंगात ताप भरला, आणि तोंड एका बोटापुरतंही उघडेना. या वेळी शीलाने त्याला विचारलंच नाही.

दामिनीने सूज चाचपली. "दुखनं कव्हय बंद व्हयनं?" तिने शीलाला विचारलं. शीलाने सांगितलं तशी ती आप्पाकडे वळली. "तव्हयच नस मरनी. दुखनं थांबनं म्हंजे बरं व्हयनं नही, आप्पा. मी काय मारू? तुमीच मारी टाकी. ती आत सडनी, हाऊ तिनाच पू."

तिने सुई टोचली, छेद दिला, घाण बाहेर काढली. आप्पाला इतकं बरं वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिच्यासमोर आलं म्हणून त्याला तिचाच राग आला. दाढ पोखरून पार गेलेली होती. तोंड उघडायला लागलं की काढू, असं ती म्हणाली.

गोळ्या संपेपर्यंत जबडा मोकळा झाला. दामिनीने खालची दाढ काढली, कापूस दिला आणि त्याला बाहेर बाकावर बसवलं. आप्पा कापूस चावत बसला होता, तेवढ्यात गालावर हात धरून एक बाई दारात आली. कळसाडीचीच स्वप्नाली होती, त्याच्या गल्लीतली. चप्पल काढता काढता ती थांबली.

"आप्पा, तुमी आठे?" तिने आत डोकावून आवाज खाली केला. "खरंच ती नस मारस का हो? डोळा जास का?"

बाकावरची सगळी माणसं आप्पाकडे पाहू लागली. दामिनी नवा कापूस घेऊन आतल्या दारात आली होती. तिनेही ते ऐकलं.

नुसती नाही म्हणून मान हलवली असती तरी पुरे होतं. पण मान हलली की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार होतं. एकदा त्याचा शब्द पडला होता, याच पोरीपायी. तो पुन्हा पडू द्यायला आप्पा तयार नव्हता. त्याने गालाकडे बोट दाखवलं, कापूस आहे असं, आणि जमिनीकडे पाहत बसून राहिला.

स्वप्नालीने जरा वाट पाहिली. मग चप्पल पुन्हा पायात सरकवली आणि तसाच गाल दाबत ती रस्त्याला लागली.

दामिनी आप्पासमोर येऊन उभी राहिली. आजवर ती त्याच्याशी घरच्या बोलीत बोलत होती. आता परक्या पेशंटशी बोलतात तसं ती म्हणाली, "तोंड उघडा."

आप्पाने तोंड उघडलं.